मदत हवी आहे: ऊसतोडीवरच्या लघुपटात भूमिका कोणाला द्यायच्या?

नमस्कार मंडळी,

पुण्यात फिल्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. पंधरा मिनिटांचा लघुपट करतोय, खिशात जमवून जमवून चाळीस हजार. बीडकडून सांगलीच्या फडात आलेला एक कोयता (नवरा-बायको मिळून एक), कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) धाकट्या भावाला सांभाळणारी त्यांची आठ वर्षांची मुलगी, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली, न फिटलेली उचल. एवढीच गोष्ट.

बायकोच्या भूमिकेसाठी एकांकिकांत बक्षिसं मिळवलेली वर्गमैत्रीण तयार आहे. अभिनयाबद्दल शंकाच नाही. पण मेकअपवाली म्हणाली, "दोन शेड खाली आणू, काळी दिसेल," आणि तिथून माझं डोकं फिरलंय. आमच्याकडे गावची भाषा म्हणजे 'ण'चा 'न' करायचा आणि वाक्याच्या शेवटी 'की वं' लावायचं. बीडची बाई 'कामून' म्हणेल, 'मपलं' म्हणेल, हे संहिता लिहिताना मलाही माहीत नव्हतं.

वाचनाच्या दिवशी तिने कोयता बॅटसारखा धरला. आमचा साउंड करणारा मित्र कोपऱ्यात केबल गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "मुळाशी वाकून तोडतात. आणि वाढ्याची (उसाच्या शेंड्याकडच्या पानांची) दोरी अशी बांधली तर मोळी डोक्यावरच सुटंल." तो बीडमधल्या वडवणीकडचा. त्याचे आईवडील आजही तोडीला जातात, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं! तीन वर्षं आम्ही त्याला फिल्ममध्ये घेतलं ते वॉचमन नाहीतर ड्रायव्हर म्हणूनच, तेही आठवलं.

आता प्रश्न:
त्याला नवऱ्याची भूमिका विचारावी का? की 'तुझे आईबाप तोडीला जातात म्हणून तू कर' हे त्यालाच खुपेल? बायको आणि मुलगी तिकडचीच शोधायची तर कशी? मैत्रिणीला 'नको' कसं सांगायचं, हे तर वेगळंच दुखणं.

प्रतिसाद – खडूशेठ
अभिनय म्हणजे दुसऱ्याचं सोंग आणणं. खुन्याच्या भूमिकेला खुनी शोधणार का?

प्रतिसाद – गोदाकाठ
खडूशेठ, खुन्यांना कोणी वर्षानुवर्षं पडद्याबाहेर ठेवलेलं नाही. 'फँड्री'तला (२०१३) जब्या, सोमनाथ अवघडे, नट नव्हता. त्याच भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शोधलं की सापडतं, फक्त पुण्यातल्या ऑडिशनला सापडत नाही.

धागाकर्ते, मी गेवराईचा. लोक दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात ते मार्च-एप्रिलपर्यंत. माणसं शोधायची तर आधीच या. शूटिंगला उभा ऊस लागणार, म्हणजे ऐन हंगाम. तेव्हा एखादं जोडपं दिवसभर कॅमेऱ्यासमोर राहिलं तर त्यांचा खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे मुकादम त्यांच्याच हिशोबातून कापतो. खाडा अधिक दोघांची मजुरी, हे बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा. 'तुम्हाला पिक्चरमध्ये घेतो' हा मोबदला नाही. मेकअप रद्द केलात की पैसे तिथूनच निघतील.

मुलीचं नीट बघा. बालकामगार कायद्याच्या २०१७च्या नियमांनुसार कलाकार म्हणून मूल घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि तिच्या कमाईतले किमान वीस टक्के तिच्या नावावर मुदत ठेवीत. विद्यार्थी आहोत म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. शाळेचा दिवसही बुडवू नका, त्या पोरांची शाळा तशीच बुडते.

मित्राला विचारा. पण 'नाही' म्हणायला जागा ठेवून विचारा, सगळ्या युनिटसमोर नको.

धागाकर्ता
गोदाकाठ, खूप आभार. काल रात्री मेसवरून येताना विचारलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मी साउंडच करणार. कोपीत रात्री काय काय ऐकू येतं ते तुला माहीत नाही, मला माहितीय. भाषा बघून देतो, मोळी शिकवतो. पण नाव दोनदा टाकायचं."

मैत्रिणीला आज सांगितलं. रडली, मग म्हणाली की मुकादमाची बायको लिही, ती करते. संहितेत मुकादमाला बायको नव्हती, आता आहे.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्याच्या गावी जातोय. कॅमेरा नेऊ नको, असं त्याने बजावलंय. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या परवानगीचा अर्ज कोणी केला असेल तर कृपया इथेच लिहा, किती दिवस लागतात?