‘शोध लावला’ की ‘शोध लागला’?

प्रश्न: भाचीच्या प्रश्नमंजूषेत ‘संगणकाचा शोध कोणी लावला?’ असं होतं. तिने चार्ल्स बॅबेज लिहिलं. पण बॅबेजचं विश्लेषक यंत्र त्याच्या हयातीत पूर्ण झालंच नाही. मग ‘शोध लावला’ म्हणावं का?

प्रतिसाद: घोळ ‘शोध’मध्येच आहे. क्ष-किरणांचाही शोध, विजेच्या दिव्याचाही शोध! होतं ते सापडलं काय नि नव्हतं ते घडवलं काय, आपल्याला सारखंच. हिंदीवाले घडवण्याला ‘आविष्कार’ म्हणतात. मराठीत तो शब्द ऐकला की कलाविष्कार आठवतो. आणि ‘लागला’ म्हटलं की कर्ताच गायब. भांडण टाळायला फार सोयीचं क्रियापद!

प्रतिसाद: भांडण तर कोर्टात गेलं होतं. एकर्ट आणि मॉकली या अमेरिकन जोडीचा एनिॲक हा संगणक १९४६ मध्ये जगापुढे आला, १९६४ मध्ये पेटंटही मिळालं. १९७३ मध्ये मिनिआपोलिसचे न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी ते रद्द केलं. अमेरिकेतच आयोवात प्राध्यापक अॅटानासॉफ आणि त्यांचा विद्यार्थी बेरी यांनी आधीच इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधलं होतं, आणि मॉकली जून १९४१ मध्ये ते पाहून आले होते. एनिॲकची कल्पना अॅटानासॉफकडून आली, हे सांगायला निकालातला शब्द होता ‘डिराइव्हड’ (derived). याला मराठीत काय म्हणाल? ‘कल्पना चोरली’ म्हणणं अन्याय, ‘प्रेरणा घेतली’ म्हणणं फारच गुळगुळीत.

प्रतिसाद: व्याकरणात सिद्ध आणि साधित शब्द असतात ना? ‘साधित’ म्हणा.

प्रतिसाद: मला नाही पटत. साधित शब्दात मूळ धातू दिसतो. आयोवाचं यंत्र फक्त समीकरणं सोडवायचं. एनिॲकला वेगवेगळी कामं लावता यायची, सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब (इलेक्ट्रॉनिक स्विचचं काम करणाऱ्या काचेच्या नळ्या) होत्या. त्यात धातू शोधून दाखवा! त्यापेक्षा साधं ‘कल्पना तिकडून घेतली’ म्हणा.

प्रतिसाद: खरा वाद ‘पहिला’ या विशेषणाचा. बर्लिनमध्ये जर्मन अभियंता झूझेचं झेड३ हे यंत्र १९४१ मध्ये चाललं, पण रिलेवर, म्हणजे विजेने हलणाऱ्या यांत्रिक स्विचांवर, इलेक्ट्रॉनिक नव्हे. ब्रिटनचं कोलोसस हे इलेक्ट्रॉनिक यंत्र दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेश फोडायला वापरलं, आणि १९७०च्या दशकापर्यंत गुप्त राहिलं. म्हणजे पहिला ‘इलेक्ट्रॉनिक’, पहिला ‘प्रोग्रॅम करता येणारा’, असं शेपूट जोडल्याशिवाय ‘पहिला’ लिहूच नये.

प्रश्नकर्ती: आभार. बाईंनी बॅबेजला पूर्ण गुण दिलेत. मी आता काही बोलत नाही.