मुलं आणि नशा: इंदूरकरांनो, जे पाहिलंत ते लिहा

आमच्या गल्लीतला सतरा वर्षांचा मुलगा व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला. गणपतीत आरतीला झांजा वाजवायचा. गल्लीत बोलणं एकच, 'घराण्याचं नाव घालवलं.' त्याला काय होत होतं, हे कुणीच विचारलं नाही. मला राहवलं नाही. ज्यांनी घरात, वर्गात, दुकानात हे पाहिलंय त्यांनी लिहावं. नावं, शाळा, क्लास मात्र नकोत.

एक आई, सुदामानगर

सासूबाईंच्या झोपेच्या गोळ्या कमी व्हायला लागल्या. मी कामवाल्या मावशींवर संशय घेतला. काही न बोलता त्या काम सोडून गेल्या. महिन्याभराने मुलाच्या कंपासपेटीत कर्कटकाच्या खाली तीच पट्टी सापडली, अल्प्राझोलाम. भंवरकुआंला क्लास, दर रविवारी टेस्ट, संध्याकाळी ह्यांच्या मोबाइलवर रँक. रँक घसरली की आमच्याकडे जेवताना कुणी बोलत नसे. एका मित्राने त्याला सांगितलं होतं, अर्धी घे, छातीतली धडधड थांबते. अर्धीच्या चार झाल्या.

ह्यांनी सगळ्या गोळ्या फेकल्या आणि त्याला खोलीत कोंडलं. तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले. डॉक्टर म्हणाले, ही गोळी एकदम तोडायची नसते, देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. नातेवाइकांना आम्ही टायफॉइड सांगितला. तो पलंगावरूनच म्हणाला, "आई, टायफॉइड किती दिवस सांगणार आहेस?"

मावशींच्या घरी मी जाऊन आले. त्यांनी चहा दिला, पण कामावर परत आल्या नाहीत.

सायकलचं दुकान, सरवटे बसस्थानकाजवळ

पंक्चरचं सोल्यूशन मागायला दहा-बारा वर्षांची पोरं येतात. सायकल कुणाकडेच नसते. फडक्यावर ओतून हुंगतात. एकाला विचारलं तर म्हणाला, "काका, याने भूक लागत नाही." तेव्हापासून सुटी ट्यूब विकणं मी बंद केलं. पण ती पोरं पुढच्या दुकानात जातात, हे मला दिसतं.

निवृत्त शिक्षिका, रामबाग

वरच्या काकांनी लिहिलंय ते फार मोठं आहे. एम्सच्या 2019 च्या अहवालात हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त निघालं होतं. इतर कुठल्याच नशेचं तसं नव्हतं. तरी आपण 'ड्रग्ज' म्हटलं की विजयनगरच्या पार्ट्याच डोळ्यांपुढे आणतो.

आमच्या शाळेत नववीतला मुलगा सापडला. दुसऱ्याच दिवशी दाखला हातात दिला. त्या बैठकीत मीही होते, गप्प बसले. शाळा सुटली आणि त्याला दिवसभर फक्त नशेतली ती मंडळीच उरली. पुढे तो त्यांची पाकिटं पोहोचवू लागला. आईवडील पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात गेले नाहीत. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातच कलम 64अ आहे: स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण मिळतं. त्यांना हे सांगायला हवं होतं आणि ते काम माझं होतं.

वय 20, पत्ता नको

माझी नशा सुटून चौदा महिने झाले. 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन आत्याने केला. बाबा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. परवा मामाच्या मुलीच्या लग्नात 'तू जरा मागेच थांब' म्हणाले. मी आचाऱ्यांच्या बाजूला खुर्ची टाकून बसलो. आत्या दोन ताटं घेऊन तिथेच आली.