प्रेसवर बोट गेलं: 'गार्ड त्यानेच काढला होता' ही सूट मालकाला हवी का?

चाकणकर
पत्रा दाबून-कापून पार्ट काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कुणाचं बोट गेलं की एक वाक्य ठरलेलं: "गार्ड त्यानेच काढला होता." १९२३ च्या भरपाई कायद्याने या वाक्याला कलम ३ मध्ये जागाच करून ठेवली. कामगाराने गार्डसारखं सुरक्षा साधन जाणूनबुजून काढलं आणि त्यामुळेच इजा झाली, तर मालक भरपाई देणं लागत नाही. अपवाद दोनच, मृत्यू आणि कायमचं पूर्ण अपंगत्व. म्हणजे माणूस मेला तर भरपाई आहे, दोन बोटं गेली तर 'तुझं तू बघ'. १९२३ चं हे कलम २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही जवळपास जसंच्या तसं उतरवलंय.

माझं मत: निदान पॉवर प्रेसपुरती तरी ही सूट काढून टाका. गार्ड लावला की तासाचे पीस कमी निघतात हे सुपरवायझरला पक्कं ठाऊक असतं, आणि फळ्यावर टार्गेट तोच लिहितो. काढलेला गार्ड मशीनमागे पडलेला सगळ्यांना रोज दिसतो. 'कामगाराने काढलेला' तो अपघातानंतर होतो.

जॉबवर्कवाला
लिहायला सोपं आहे. भोसरीत माझ्या गाळ्यात सहा प्रेस आहेत, मीही सकाळी आठला तिथेच उभा असतो. दोन्ही हातांची बटणं लावून दिली, दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस चालते. आठवडाभरात एका बटणात लाकडाची पाचर! एक हात मोकळा राहिला की पीस भरभर लागतात ना. रागावलो तर पोरगा दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाळ्यात कामाला. मग मी करायचं काय? हातावर हात ठेवून उभा राहू? ही सूट काढली तर सगळी काळजी घेणारा आणि काहीच न घेणारा, दोघेही मालक एकाच मापात मोजले जातील.

पायडल
१९ वर्षं सेटर आहे, प्रेसवर डाय बसवतो. पाचर घालतात, खोटं नाही. पण शेठ, पोरगा पाचर का घालतो? पीस रेट कुणी ठरवला? आणि बटणांचं कौतुक पुरे. जुन्या पिन क्लचच्या प्रेसला एकदा स्ट्रोक (वरचा भाग, म्हणजे स्लाइड, खाली येऊन वर जाणं) सुटला की मध्ये थांबत नाही. क्लच झिजला की पायडलवरून पाय काढला तरी दुसरा स्ट्रोक मारते. डबल स्ट्रोकमध्ये गेलेल्या बोटाला 'निष्काळजीपणा' म्हणतात तेव्हा डोकं फिरतं. असल्या प्रेसवर लाइट कर्टनही (हात आडवा आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) शोभेचाच, सेन्सरने हात पकडला तरी स्लाइड थांबणार कशी? आत बसवलेला पक्का गार्ड आणि पीस ठेवायला चिमटा, एवढंच तिथे चालतं. चिमट्याने वेळ लागतो. परत आलो टार्गेटवर.

काळा कोट
दोघंही चुकीच्या दारात भांडताय. १० किंवा जास्त माणसं आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर प्रकरण ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजना) जातं. तिथे नियम मोडून काम करताना झालेला अपघातही, ते काम मालकाच्या धंद्यासाठी चाललं असेल तर, कामावरचाच धरतात. गार्ड कुणी काढला हा प्रश्न तिथे जवळजवळ मरतो. कमाईची क्षमता जितकी गेली त्या प्रमाणात, पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने, आयुष्यभर दरमहा पैसे. मात्र बदल्यात मालकावर वेगळा दावा लावता येत नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी नुकसानभरपाईचं दारही बंद केलं.

ही सूट खरी चावते ती ईएसआयबाहेरच्यांना, म्हणजे नऊ माणसांच्या गाळ्यात. तिथला हिशेब बघा. वय २५, पगार १५,००० (२०२० पासून हिशेबात धरायची कमाल मर्यादाही हीच), तर्जनी मुळापासून गेली. भरपाई कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीचे १४ टक्के. १५,००० चे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणांक २१६.९१, त्याचे १४ टक्के: साधारण २ लाख ७३ हजार. अंगठ्याचे ३० टक्के. एवढ्याशा रकमेसाठी 'जाणूनबुजून'वर वर्षानुवर्षं साक्षी चालतात. आणि हो, ते सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. नुसता बेफिकीरपणा म्हणजे 'जाणूनबुजून' नव्हे.

चाकणकर
नऊ माणसांच्या गाळ्यात तपासणीला कोण येतो? कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत वीज वापरणारी फॅक्टरी म्हणजे २० माणसं, पूर्वी १० होती. नऊवाला दोन्हीकडे बाहेरच. तपासणी नाही, ईएसआय नाही, राहिला फक्त भरपाईचा दावा, आणि त्यातही पळवाट. माझं म्हणणं काळ्या कोटांनी आणखी घट्ट केलं.

जॉबवर्कवाला
तपासणी असतानाही काय दिवे लागले? जुन्या फॅक्टरी कायद्यात 'गंभीर इजा'च्या व्याख्येतून बोटाच्या एका हाडाचं फ्रॅक्चर वगळलं होतं, हे कुणी सांगत नाही. शिवाय ज्या मोठ्या कंपनीसाठी पार्ट बनतो तिला कुणी काही विचारत नाही. ती दर वर्षी रेट खाली ओढते, ऑडिटला येते, कागद बघते, निघून जाते. सूट काढायची तर तिलाही भरपाईत ओढा. मी पहिला सही करीन.

पायडल
हे मात्र पटलं. पण तोवर? एका गाळ्यात पोराला ५० हजार देऊन स्टॅम्प पेपरवर 'माझी काही तक्रार नाही' लिहून घेतलं.

काळा कोट
हक्क सोडून देणारा तसला करार भरपाई कायद्यात रद्दबातल असतो. दावा दोन वर्षांच्या आत लावायला सांगा.

चाकणकर
@जॉबवर्कवाला, तडजोड सांगतो. ज्याच्या प्रेसला इंटरलॉक आहे, म्हणजे गार्ड उघडा तर स्ट्रोकच नाही, त्याची सूट राहू दे. बाकीच्यांची काढा.

जॉबवर्कवाला
पिन क्लच प्रेस विकून नवी घ्यायला सांगताय. जुनी कोण घेणार? शेजारचाच गाळा.

पायडल
विकू नका. भंगारात द्या.

जॉबवर्कवाला
भंगाराचा भाव आणि प्रेसचा भाव यातला फरक तुम्ही भरणार का?