तोफेमागे उभं राहून काय दिसलं? (अनुभव लिहा)

जलदुर्ग, किनाऱ्यावरचे तोफखाने पाहिलेत? मग लिहा. सनावळ्या पुस्तकांत मिळतात. मला ऐकायचंय ते तोफेमागे उभं राहून तुम्हाला समोर काय दिसलं ते. सुरुवात मी करते.

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, नुसता तट. बुरुजांच्या आडून तो एकदम समोर येतो, आणि तोवर होडी वरच्या तोफांच्या माऱ्यात सापडलेली असते. पोटात गोळा येतो खरंच. वर कलालबांगडीमागे उभी राहिले. ही अजस्र तोफ. तटावरून समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी तो तिथेच का उभारला, ते नकाशा न बघता कळतं. दुसरीकडे राजपुरीचा किनारा. संभाजीराजांनी १६८२ मध्ये तिकडून खाडी बुजवत यायचा प्रयत्न केला होता. मी बराच वेळ त्या पाण्याकडेच बघत होते.

—

आमचा कुलाबा. ओहोटीला अलिबागहून चालत जाता येतं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यांवर दोन तोफा आहेत. गंजलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत लेकीने वाचलं : लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर. तो कारखाना १७९१ चा. म्हणजे १७२१ मध्ये आंग्र्यांनी इंग्रज आणि पोर्तुगीजांचा एकत्र हल्ला परतवला, तेव्हा या तोफा ओतल्याही नव्हत्या. तरी त्यांनाच आंग्र्यांच्या तोफा म्हणून दाखवतात, याचं वाईट वाटतं. तिथे एक साधी पाटी हवी.

—

सिंगापूरचा फोर्ट सिलोसो. तिथल्या तोफा समुद्राकडेच तोंड करून होत्या, म्हणून १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं, असं ऐकत आलो होतो. पण इथल्या तोफा जमिनीकडे वळवून डागल्या होत्या. बेटावरच्या मोठ्या तोफांची अडचण वेगळी होती : बहुतेक गोळे जहाजांचं चिलखत भेदणारे, पायदळावर त्यांचा फारसा उपयोग नाही. बोगदे बघायला वेळ काढून जा.

—

घारापुरीची लेणी पाहून बहुतेक जण परत फिरतात. वर डोंगरावर दोन मोठ्या तोफा आहेत, तिथपर्यंत चढा. बंदरात येणारी जहाजं तिथून दिसतात. आणि कृपा करून मुलांना तोफेवर बसवून फोटो काढू नका.