‘ठिगळ’ म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं? गोधडीच्या गटातले काही शब्द

मंडळी, एका शब्दामुळे आमच्या गटातल्या एक ताई दुखावल्या गेल्या. तेव्हापासून तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडते आहे.

आम्ही ठाणे आणि नवी मुंबईतल्या सतराजणी महिन्यातून एकदा भेटतो. कधी नौपाड्यात माझ्याकडे, कधी ऐरोलीला, कधी नेरूळला. गोधड्या शिवतो, पण नव्या धाटणीच्या. मोठे सपाट रंग, फुलंपानं जवळजवळ नाहीत, मध्ये भरपूर मोकळी जागा, आणि पुष्कळदा पट्टी बाजूला ठेवून नुसत्या नजरेच्या मापानं कापलेले तुकडे. अशा शिवणाऱ्यांची मॉडर्न क्विल्ट गिल्ड (क्विल्ट म्हणजे गोधडी, गिल्ड म्हणजे संघ) २००९ साली लॉस एंजेलिसला सुरू झाली आणि पुढे तिच्या शाखा देशोदेशी निघाल्या. आमचा गट त्यातला नाही, पण कामाची पद्धत तीच. प्रत्येकीनं हातातलं काम आणायचं, सगळ्यांपुढे पसरायचं, अडलंय तिथे विचारायचं.

गेल्या महिन्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही कामं मांडली होती. कळव्याच्या ताईंची गोधडी सगळ्यांत साधी. पूर्ण पांढरं मांजरपाट, आणि खाली उजव्या कोपऱ्याजवळ आईच्या लुगड्याचा तळहाताएवढा हळदी तुकडा, जांभळ्या काठासकट. त्या तुकड्याभोवती धावदोऱ्याच्या ओळी, पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशा, कडेपर्यंत गेलेल्या. पाहायला आलेल्या एक बाई मनापासून म्हणाल्या, “किती सुंदर ठिगळ लावलंय हो!” ताई म्हणाल्या, “ठिगळ नाही, जोडलंय.” मग गप्पच झाल्या. परत जाताना रिक्षात मला म्हणाल्या, “काही फाटलेलंच नव्हतं गं. मी काय झाकलं?”

त्यांचं म्हणणं शब्दाच्या अंगानं अगदी बरोबर आहे. ठिगळ लावायला आधी भोक लागतं. खालचं कापड तसंच राहतं, फाटलेल्या जागेवर दुसरा तुकडा बसतो, आणि कामाचा हेतू झाकण्याचा असतो. ‘आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार’ यातली अगतिकता त्या शब्दाला कायमची चिकटलेली आहे. या प्रकारच्या गोधडीत मात्र दोन तुकडे कडेला कड लावून, उलट बाजूनं शिवून एक सलग कापड तयार होतं. वर-खाली असं काही नाही, दोन्ही तुकडे बरोबरीचे. ठिगळाशी नातं जोडायचंच तर ते अ‍ॅप्लिकचं, म्हणजे एका कापडावर दुसरं कातरून बसवण्याचं. पॅचवर्क म्हणजे ठिगळकाम हे भाषांतर वर्तमानपत्रांत सर्रास येतं, आणि ते मला पटत नाही.

आता पर्याय. ‘जोडणी’ म्हटलं की आधी वीज आणि नळ आठवतो. मला ‘सांधणी’ आवडतो. सांधणे, सांधा, सांधलेलं. तुमच्याकडे काय म्हणतात?

घणसोलीहून प्रतिसाद

ताई, आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं. आम्ही गोधडी म्हणत नाही, वाकळ म्हणतो. तुम्हाला हवा असलेला शब्द आमच्या आजीच्या तोंडी रोज असायचा: दंड. नऊवारी लुगडं आधी मध्ये विरायचं, कारण बसण्याउठण्याचा सगळा भार तिथे. मग आजी मधला विरलेला भाग कापून काढायची आणि दोन्हीकडची धड टोकं एकमेकांना जोडायची. त्या शिवणीला दंड म्हणायचे, आणि ‘दंड घालणे’ हे त्याचं क्रियापद. दंड घातलेलं लुगडं नेसून आजी बाजारालाही जायची. शिवण इतकी सपाट असायची की निरीवरून बोट फिरवलं तरी लागायची नाही. लुगडं आणखी विरलं की मगच ते वाकळीच्या पोटात जायचं.

कोपरखैरण्याहून प्रतिसाद

मी शिवणकामातला नाही, रेल्वेतून निवृत्त झालो. ‘सांधा’ म्हटलं की माझ्यापुढे रूळ येतात. गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेण्याची ती जागा, आणि तिथला माणूस तो सांधेवाला. पण ताई, त्यामुळे तुमचा शब्द अडत नाही, उलट शोभतो. दोन वेगळ्या वाटा जिथे एक होतात तो सांधा. दंड हा शब्द छान आहे, पण ‘दंडाची गोधडी’ असं लिहिलंत तर लोक पावती मागतील.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. दंड हा शब्द मी वाचला होता, पण तो अजून कुणाच्या तरी कानात आहे हे कळून फार बरं वाटलं. मला वाटतं दोन्ही ठेवावेत. दोन तुकड्यांमधल्या एका शिवणीला दंड, आणि सगळ्या कामाला मिळून सांधणी. शिवाय दंडाबरोबर येणारा आणखी एक शब्द आपल्या शिंप्यांकडे अजून पूर्ण जिवंत आहे: माया. शिवणीच्या बाहेर जे कापड राखून ठेवतात ती माया. क्विल्टच्या सांधणीत ती सगळीकडे पाव इंच ठेवतात, त्यात दोराभर फरक पडला तरी वीस तुकड्यांनंतर ओळ वाकडी जाते. गटात नव्यानं आलेल्या मुलीला मी ‘सीम अलाउन्स’ समजावत बसले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, माया सोड म्हणतेय ती.” मुलीला तेवढ्यानं कळलं.

कडेच्या पट्टीला जुनं नाव मगजी. आमच्या दोघीतिघी तो शब्द वापरतात, बाकीच्या पायपिंग म्हणतात. त्यावर माझा आग्रह नाही.

खरा आग्रह आहे तो पुढच्या शब्दाचा. क्विल्टिंगच्या जगात ‘बी’ (इंग्रजी bee) म्हणून एक प्रकार असतो, आणि त्याचे दोन अर्थ आहेत. जुना अर्थ: एकीची गोधडी शिवायला शेजारणी तिच्या घरी जमतात, चौकटीभोवती बसून एका दिवसात दोरे घालून पूर्ण करतात, ती सगळ्यांना जेवू घालते. नवा अर्थ: दर महिन्याला गटातल्या एकीची पाळी. ती रंग आणि नमुना सांगते, बाकीच्या प्रत्येकी एक चौकोन शिवून तिला देतात, आणि वर्षाकाठी प्रत्येकीकडे एका गोधडीपुरते चौकोन जमतात. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत, आणि दोन्ही नेमके बसतात. पहिली ती इर्जिक: एकाच्या शेतावर गावानं आपापले बैल आणून नांगरट करून द्यायची आणि त्यानं जेवण घालायचं. दुसरी ती भिशी! ठाण्यातल्या कुठल्याही इमारतीत भिशीचा अर्थ सांगावा लागत नाही. आमच्याकडे आता ‘चौकोनांची भिशी’ चालू आहे. जानेवारीत माझी चिठ्ठी निघाली तेव्हा मी मातकट रंग आणि एकच निळी धांदोटी मागितली होती. सोळा चौकोन आले. एकीनं निळी धांदोटी तिरकी घातली होती. सगळे चौकोन जमिनीवर मांडले तेव्हा नजर आधी त्या तिरक्या रेघेवर जायची. मी तो चौकोन मुद्दाम मधोमध ठेवलाय.

वाशीहून प्रतिसाद

भिशी झकास. पण सावड विसरलात का? आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. इर्जिकीत परतफेड मोजत नाहीत, सावडीत मोजतात. तुमच्यात दोघीच एकमेकींना चौकोन करून देत असतील तर ती सावड.

आणि गिल्डला काय म्हणता? श्रेणी म्हणता येईल, पण मला निकाय सुचतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे. नहपान क्षत्रपाचा जावई. त्यानं ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन निकायांकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. २,००० एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, १,००० दुसरीकडे पाऊण टक्क्यानं. पहिल्या ठेवीचं व्याज लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या भिक्षूंच्या चीवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. आता तुमच्या विषयाशी जोड बघा. चीवर हे तुकडे सांधूनच शिवायचं असतं. मगधातली बांधांनी आखलेली भातशेतं पाहून बुद्धांनी आपल्या शिष्याला, आनंदाला, तसं चीवर करता येईल का असं विचारलं आणि आनंदानं ते केलं, अशी विनयपिटकातली कथा आहे. त्या चीवरात झाकायचं असं काही नव्हतं.

मूळ लेखिका

हे वाचून मी लगेच कळव्याच्या ताईंना फोन केला. भातशेताच्या बांधांचं वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

आता आमच्या गटातला सगळ्यांत मोठा घोटाळा सांगते. दर दोन महिन्यांनी आम्ही एक ‘चॅलेंज’ ठेवतो. या वेळचं असं: दोनच रंग, त्यातला एक राखाडी, नवं कापड अर्ध्या मीटरपेक्षा जास्त नाही, आणि एक तुकडा घरातल्या कुणाच्या तरी वापरलेल्या शर्टाचा. कुणीतरी सूचनेत लिहिलं, ‘या महिन्याचं आवाहन’. दुसरीनं दुरुस्त केलं, ‘आव्हान’. तिसरी म्हणाली, दोन्ही चालतं. नाही चालत. आवाहन म्हणजे बोलावणं, विनंती: पूजेत देवतेचं करतो ते, रक्तदानासाठी करतात ते. आव्हान म्हणजे सामोरं ये आणि करून दाखव. संस्कृतात तो शब्द आह्वान असा आहे, ह्वे म्हणजे हाक मारणे यापासूनचा. मराठीनं त्याचा उच्चार आणि लेखन दोन्ही वळवून घेतली आणि अर्थ धारदार केला. आवाहनाला नाही म्हणता येतं. आव्हानाला नाही म्हटलं की माघार घेतल्यासारखं होतं.

आणि इथेच माझं अडतं. आमच्यात माघार कुणाचीच नसते. ज्यांना जमतं त्या करतात, ज्यांच्या घरी आजारपण असतं त्या करत नाहीत. म्हणून मी ‘विडा’ सुचवलाय. दरबारात तबकात विडा ठेवायचे, ज्याला पेलेल त्यानं उचलायचा. अफझलखानानं विडा उचलल्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच शाळेत ऐकलीय. ठेवणारा कुणाचं नाव घेत नाही. उचलणारा आपणहून पुढे येतो, पण एकदा उचलला की काम अंगावर. राखाडी रंगाचा विडा नऊजणींनी उचललाय, असं वाक्य आता गटात सहज लिहिलं जातं.

अर्धवट राहिलेल्या कामांना काय म्हणायचं हा प्रश्नच आला नाही. पहिल्या दिवसापासून ती सगळी भिजत घोंगडी.

ऐरोलीहून प्रतिसाद

मी याच गटात आहे. एक शब्द राहिला, तो मी सांगते, कारण तो यांनीच रूढ केलाय. पूर्ण झालेली गोधडी पहिल्यांदा सगळ्यांपुढे उघडायची, त्याला आम्ही ‘घडी मोडणे’ म्हणतो. नवी साडी जिवाभावाच्या बाईला आधी नेसायला देतात, ‘घडी मोडून दे’ म्हणतात, तेच. आमच्यात शिवणारी स्वतः उघडत नाही. ती कुणाला तरी हातात देते, ती दुसरी बाई उलगडते आणि पहिलं वाक्य तीच बोलते. मी शिवलेल्या पहिल्या गोधडीची घडी माझ्या सासूबाईंनी मोडली. त्यांनी आधी ती उलटी केली, अस्तराच्या बाजूनं टाके पाहिले, आणि म्हणाल्या, “दोरा सारखा पडलाय.” त्या मला अजून आठवतात त्या याच वाक्यासाठी.

मूळ लेखिका

सासूबाईंनी नेमकं बघितलं. सांधणी आणि दोरे घालणं ही दोन वेगळी कामं आहेत. सांधणीनं वरचं एक कापड तयार होतं. दोरा वरचं कापड, पोटातला थर आणि अस्तर असे तिन्ही एकत्र धरतो. ‘शिवणे’ या एका शब्दात आपण दोन्ही कोंबतो, जुन्या बायका कोंबत नाहीत.

एक शंका राहिली आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात, बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून फेऱ्याफेऱ्यानं आत मध्यापर्यंत. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या बसवतात, त्यांना त्या ‘फुलं’ म्हणतात. आपल्याकडच्या काही गोधड्यांच्या कोपऱ्यांवरही असे त्रिकोण मी पाहिलेत. त्यांना तुमच्या गावी काय नाव आहे, ते नक्की लिहा.

येत्या रविवारी कळव्याच्या ताईंची गोधडी पुन्हा मांडायची आहे. शेजारी ठेवायची चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहून पाठवली: ‘पांढरं मांजरपाट, आईच्या लुगड्याचा एक तुकडा. चारी बाजूंनी दंड घालून.’