ड्रोनच्या आधी कामगंध सापळे
कपाशीवर ड्रोनने फवारणी केली की औषध कमी लागतं आणि मित्रकीटक (पिकाला मदत करणारे कीटक) वाचतात, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर विष येत नाही, आणि २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले ते आठवलं की हे फार मोलाचं वाटतं. पण फुलावरच्या मधमाशीला त्याने काय फरक पडतो?

जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरण्यांचा, विषय कोणीच काढत नाही. सरकीत गुलाबी बोंडअळी दडून राहते, तिचे पतंग जिनिंगच्या आवारातून आजूबाजूच्या कपाशीवर जातात. शेतासारखेच तिथेही कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावायलाच हवेत. शेतात लक्ष ठेवायला हेक्टरी ५ पुरतात. सलग ३ दिवस प्रत्येक सापळ्यात रोज ८ पतंग सापडले, तरच फवारणीचा विचार करायचा. आमच्याकडे मात्र सापळा न बघता, कृषी केंद्रवाल्याच्या सांगण्यावरूनच पंप भरले जातात.