भीमेत महाशीर सोडायचा तर आधी तळ बघा की!

भीमाकाठी: उजनीच्या खाली भीमेत महाशीरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडा, मासा परत येईल, असं बरेच जण म्हणायलेत. माझा विरोध माशाला नाही, घाईला आहे. मासा आपलाच आहे, कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची नोंद केली आणि ते पाणी पुढं भीमेतच येतं. पण याची अंडी तळाला बसतात, खड्यागोट्यांच्या फटीत, आणि पिल्लू बाहेर यायला तीनेक दिवस जातात, तोवर त्या फटीतनं स्वच्छ पाणी खेळतं राहायला पाहिजे, गाळ बसला की अंडं मेलंच. नीरा मिळते त्या नरसिंहपूरपासून सीना मिळते त्या कुडल संगमापर्यंत असा खडा कुठं उरलाय? उन्हाळ्यात पात्रातनं चालत जा, हातानं उकरून बघा, ऑक्सिजन पहाटे मोजा कारण तेव्हाच तो सगळ्यात कमी असतो. आणि वाळू उपशानं जिथं नुसते डोह पडलेत तिथं बीज सोडून काय उपयोग?

टेंभुर्णीकर: दादा, तुमचा सर्व्हे होईपर्यंत जाळं टाकणाऱ्यानं खायचं काय? उजनीत धंदा चालतो चिलापीवर, ती पिल्लं तोंडात सांभाळती, तिला कुठला खडा लागतोय? रोहू-कटलाचं बीज सोडलं की वाढतं आणि विकतंय. महाशीर हौशी लोकांचा मासा आहे.

भीमाकाठी: रोहू-कटला दरवर्षी विकत आणून सोडावं लागतंय ना? महाशीरला एकदा जागा मिळाली तर तो स्वतःच वाढेल, म्हणून तर जागा बघा म्हणतोय. चिलापी आफ्रिकेतनं आलेली, तिच्या मापानं आपली नदी कशाला मोजायची!

औजचा पाटील: दोघांचंही अर्धंच पटलं. बंधाऱ्यानं वाट अडली असंही कोणी म्हणेल, पण पावसाळ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असतात, मासा वर चढू शकतो. खरी अडचण पाण्याच्या वेळेची आहे. चढणीचा मासा पहिल्या लोंढ्याला निघतो आणि उजनी नेमका तोच लोंढा पोटात घेते, धरण भरत आल्यावर कुठं खाली पाणी सुटतं. त्यामुळं उन्हाळ्यातली खड्यांची मोजणी कितीही चांगली केली तरी अर्धी. जून-जुलैत नीरेच्या तोंडाशी थांबा, तिकडचं पाणी उजनीची वाट बघत नाही, मासा चढतोय का ते तिथंच दिसेल.

भीमाकाठी: पाटील, हे एकदम मान्य. तळही बघू आणि पूरही. भोई मंडळींना आधी विचारू, गाभोळीची, म्हणजे पोटात अंडी असलेली, मादी कुठं आणि कुठल्या नक्षत्रात घावती हे त्यांना तोंडपाठ असतंय.

टेंभुर्णीकर: विचारा की, सांगतील. पण बघायला नेणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी द्या, आणि महाशीरचा खर्च मच्छीमार सोसायटीच्या बीजाच्या पैशातनं कापू नका. एवढं आधी ठरलं तर होडी मी काढून देतो, नाहीतर माझा विरोध कायम.